वाचक विचारतात : रागाला कान नसतात

या वेळची बरीच पत्रं एकाच तक्रारीची आहेत : राजकारणावरून घरात, कट्ट्यावर आणि ग्रुपवर होणारी भांडणं. पत्रांतली पक्षांची आणि नेत्यांची नावं आम्ही गाळली आहेत. ती छापली असती तर निम्म्या वाचकांनी उत्तर वाचायच्या आधीच पत्रलेखक शहाणा की खुळा हे ठरवून टाकलं असतं.

प्रश्न : माझे मिस्टर आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही शिकलेले. रविवारी जेवायला एकत्र बसलं की राजकारण निघतंच. भाऊ मोबाइल काढून आकडे दाखवतो, मिस्टर म्हणतात, ‘असले आकडे कुणीही छापतं.’ मागच्या आठवड्यात भाऊ ताटावरून उठला. पुरावा समोर असताना माणूस ऐकत का नाही? आणि मी मध्ये पडून नेमकं काय करू?
– गृहिणी, जुळे सोलापूर

आधी ‘का’ ते पाहू. १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉर्ड, रॉस आणि लेपर या तिघांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. निम्मे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना तेच दोन अहवाल वाचायला दिले. फाशीमुळे खून कमी होतात असं एक अहवाल म्हणत होता, होत नाहीत असं दुसरा. दोन्ही बाजूंचा पुरावा वाचल्यावर दोन्ही गट थोडे तरी जवळ यावेत, अशी आपली अपेक्षा. झालं उलटंच. ज्याला त्याला आपल्या बाजूचा अहवाल भक्कम वाटला, समोरच्या अहवालात ढिगाने चुका दिसल्या, आणि वाचून झाल्यावर स्वतःचं मत आणखी पक्कं झाल्याचं त्यांनीच सांगितलं. ‘कुणीही छापतं’ हे वाक्य याच जातीचं आहे. थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञाने याची फोड छान केली आहे : आवडती गोष्ट समोर आली की मन विचारतं, ‘यावर विश्वास ठेवता येईल का?’ नावडती आली की विचारतं, ‘ठेवावाच लागेल का?’ पहिल्या प्रश्नाला एक पुरावा पुरतो. दुसऱ्यातून सुटायला एक शंका पुरते.

तुमच्या घरात आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्या प्रयोगशाळेत सापडणार नाही. भाऊ धाकटा, मिस्टर दाजी. आकडा कितीही खरा असला तरी दाजींपर्यंत पोचतं ते एवढंच की मेहुण्याने सगळ्यांसमोर आपल्याला खोटं पाडलं. त्या क्षणी वाद आकड्याचा राहत नाही, मानाचा होतो. आणि मान वाचवायला निघालेला माणूस सहसा आकडे तपासत बसत नाही.

आता काय करायचं ते.

प्रेक्षक कमी करा. सासू, पोरं, शेजारची काकू ऐकत असताना कुणीही माघार घेत नाही. दोघांना जेवणानंतर शतपावलीला पाठवा. बाजूबाजूने चालताना डोळ्याला डोळा भिडत नाही, आवाज खाली राहतो. उपाशीपोटी विषय काढू देऊ नका, तुम्ही स्वतःही काढू नका.

आवाज चढलाच तर ‘शांत व्हा’ म्हणू नका. त्याचा अर्थ ‘तुम्ही वेडे झालात’ असा घेतला जातो. ‘चहा टाकते, वीस मिनिटांनी बोला’ असं म्हणा. रागात छातीचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, आणि शरीर मूळ पदावर यायला साधारण वीस मिनिटं घेतं. यात फसतं कुठे, तर माणूस ती वीस मिनिटं बाल्कनीत उभा राहून पुढचं उत्तर घोकतो. मग विसाव्या मिनिटाला तो जास्त तापलेला असतो. म्हणून दोघांना हाताला काम द्या. एकाने कांदा चिरायचा, एकाने पोराला खाली फिरवून आणायचं.

परत बसल्यावर विषय एकच ठेवा, आणि तो अरुंद ठेवा. ‘तुमचा पक्ष’ हा विषय नाही. ‘आपल्या भागाला रोज पाणी कसं मिळेल’ हा विषय आहे. सुरुवात भावाने करायची, कारण तो धाकटा आहे आणि त्याला ते सोपं जाईल. आधी दाजींचं म्हणणं त्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचं : ‘दाजी, मला समजलं ते असं… बरोबर सांगतोय का?’ दाजी ‘हां, असंच’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की…’ ही सुरुवात टाळा, आपल्याकडे त्या वाक्यानंतर भांडणच येतं. आणि ‘तुमचं बरोबर आहे, पण’ यातला ‘पण’ आधीचं सगळं पुसून टाकतो. तिथे पूर्णविराम द्यायचा, एक घोट चहा घ्यायचा, मग आपलं सांगायचं.

शेवटचा उपाय जास्त कामाचा आहे. ‘का’ विचारू नका, ‘कसं’ विचारा. ‘का’ विचारलं की माणूस कारणांची भिंत बांधतो. ‘कसं’ विचारलं की त्याला उजनीतून पाणी उचलण्यापासून सुरुवात करावी लागते : पंप, जलवाहिनी, शुद्धीकरण, टाक्या, कोणत्या भागाचा व्हॉल्व्ह कधी उघडतो, वाटेत गळती किती, बिल कोण भरतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीला बहुतेकांची गाडी अडते, आणि अडल्याचं आपलं आपल्यालाच कळतं. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हेच करून पाहिलं. धोरण कसं चालेल हे टप्प्याटप्प्याने सांगायला लावल्यावर ‘मला यातलं कळतं’ हा विश्वास उतरला, आणि मतंही मवाळ झाली. नुसती कारणं मागितली तेव्हा मतं मवाळ झाली नाहीत. नंतरच्या प्रयोगांत मत मवाळ होण्याचा भाग दर वेळी दिसला नाही, समजेचा फुगा फुटण्याचा भाग मात्र दिसत राहिला. तेवढंही रविवारच्या जेवणाला पुरतं. अट एकच : आधी स्वतःचं ‘कसं’ सांगायचं. समोरच्याचीच उलटतपासणी घेतली तर ताट पुन्हा सुटणार.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. भावना बाजूला ठेवून, निव्वळ बुद्धीने मत बनवावं, असं आयुष्यभर मुलांना सांगत आलो. हे चूक आहे का?
– भवानी पेठ

गुरुजी, अर्धं चूक आहे. अँटोनियो डमासिओ या मेंदूतज्ज्ञाने ‘एलियट’ या टोपणनावाने एका रुग्णाची हकिकत लिहिली आहे. गाठ काढताना त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. बुद्धीच्या चाचण्यांत तो उत्तम, स्मरण शाबूत, भाषा शाबूत. गेल्या होत्या त्या फक्त भावना. तो थंडपणे शहाणा झाला असेल असं वाटेल. प्रत्यक्षात त्याला साधे निर्णयही धड घेता येईनात. अशीच इजा झालेल्या डमासिओंच्या आणखी एका रुग्णाला पुढची भेट कोणत्या दिवशी घ्यायची हे ठरवता येईना. दोन्ही दिवसांचे फायदे-तोटे तो मोजतच बसे. कशाला किती महत्त्व द्यायचं हे भावनाच सांगते. ती काढून टाकली की तराजूला काटाच उरत नाही.

म्हणून प्रश्न ‘भावना की बुद्धी’ असा नाही, ‘कोणती भावना’ असा आहे. जॉर्ज मार्कस आणि त्यांचे सहकारी राजकारणातल्या भावनांवर काम करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सगळं ओळखीचं चाललं असेल तर माणूस सवयीने मत देतो. धास्ती वाटली की सवय थबकते, तो इकडेतिकडे पाहतो, चार जणांना विचारतो, वाचतो. राग आला की सवय आणखी घट्ट होते.

एकच बातमी घेऊ : ‘धरणाची पातळी घटली.’ एक माणूस ती वाचून म्हणतो, ‘जूनपर्यंत पुरेल का हो?’ ही धास्ती. तो पुढची ओळ वाचतो, टक्के पाहतो, उसाला किती पाणी जातं आणि शहराला किती, हे विचारतो. दुसरा म्हणतो, ‘यांनीच पळवलं!’ हा राग. त्याचं वाचन तिथेच संपलं, कारण त्याला गुन्हेगार सापडला. रागाची जडणघडणच अशी आहे : काय झालं याची खात्री, कुणी केलं याची खात्री, आणि आपण धडा शिकवू शकतो ही खात्री. तीन खात्र्या हातात असताना माहिती कोण शोधेल?

राग वाईटच असतो असं यातून काढू नका. लोक मोर्चाला, मतदानाला घराबाहेर पडतात ते बऱ्याचदा रागानेच. आणि धास्ती तरी कुठे सोवळी आहे? गडेरियन आणि अल्बर्टसन यांनी २०१४ मध्ये दाखवलं की धास्तावलेली माणसं जास्त माहिती शोधतात खरी, पण भीतिदायक माहितीकडेच त्यांची नजर आधी जाते. लोकांना घाबरवून मतं मागणाऱ्यांना हे कुठल्याही अभ्यासाशिवाय माहीत असतं.

वर्गात सांगायचंच असेल तर असं सांगा : मत लिहायच्या आधी समासात आपल्या भावनेचं नाव लिही. राग, धास्ती, किळस, अभिमान, लाज, जे असेल ते एका शब्दात. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. शब्द नेमका हवा. ‘कसंतरीच वाटतंय’ चालणार नाही.

प्रश्न : आमचा कट्ट्याचा ग्रुप आहे. एखादा व्हिडिओ येतो, बघून डोकंच फिरतं, आणि तो पुढे पाठवल्यावर कळतं की खोटा होता. पाठवायच्या आधी ओळखायचं कसं? आणि मित्राने पाठवला असेल तर ‘फेक आहे बे’ म्हटल्यावर तोच चिडतो.
– विद्यार्थी, अशोक चौक

डोकं फिरलं हीच पहिली खूण समजा. व्होसुगी, रॉय आणि अराल यांनी ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली, आणि तिला आलेल्या प्रतिक्रियांत आश्चर्य, भीती आणि किळस जास्त होती. खोटं बनवणाऱ्याला सत्याची अडचण नसते, त्यामुळे मसाला हवा तेवढा घालता येतो.

व्हॉट्सॲपवर निरोपाच्या डोक्यावर पाहा. दोन बाण असतील तर तो किमान पाच हातांतून फिरून आलाय. असा निरोप एप्रिल २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कंपनीनेच तिथे अडसर घातलाय, तेव्हा तुम्हीही तिथे थांबा.

मग आवाज बंद करून व्हिडिओ पुन्हा बघा. हे कुणी करत नाही, आणि निम्मं काम इथेच होतं. चीड आणणारं निवेदन, पार्श्वसंगीत, किंकाळी, हे बहुतेक वेळा मागून जोडलेलं असतं. मुक्या चित्रात काय दिसतं तेवढंच खरं धरा. त्यानंतर गाड्यांच्या नंबरपाट्या बघा. ‘आपल्या सोलापुरातलं’ म्हणून व्हिडिओ आलाय आणि एकाही गाडीवर एमएच १३ नाही? मग संशय घ्या. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? या बाबतीत आपलं शहर नशीबवान आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू वाचणारा कुणीतरी दोन गल्ल्यांत सापडतोच. पाटी त्याला दाखवा, गाव बऱ्याचदा तिथेच कळतं. शेवटी तीन वेगवेगळ्या जागी व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्समध्ये टाका. एकच काढला तर तो धूसर निघतो आणि काही सापडत नाही. जुनी तारीख निघाली की काम झालं. या सगळ्याला पाच-सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात डोकंही थोडं ठिकाणावर येतं, हा वरचा फायदा.

आता मित्र. ग्रुपवर ‘फेक आहे बे’ म्हणजे तीस जणांसमोर त्याची पँट ओढणं. त्याला वेगळा निरोप पाठव : ‘तो व्हिडिओ मलाही खरा वाटला होता. हा जुना निघाला, ही लिंक बघ. ग्रुपवर तूच टाक.’ चूक दुरुस्त करायचा मान त्यालाच दिला की तो बऱ्याचदा दुरुस्त करतो. पुरावा दिला की लोक हटकून उलटे जातात, असं २०१० नंतर बरीच वर्षं सांगितलं जायचं. वुड आणि पोर्टर यांनी २०१९ मध्ये ५२ मुद्द्यांवर, दहा हजारांहून अधिक लोकांवर ते तपासलं, आणि तसं उलटणं जवळजवळ दिसलंच नाही. खोटी गोष्ट खोटी आहे हे लोक मान्य करतात. त्याने त्यांचं मत बदलतं असं मात्र नाही. व्हिडिओ खोटा हे मित्राने मानलं आणि मत तिथेच दिलं, तर तू हरलास असं समजू नको.

प्रश्न : चिमणीच्या वादात आमच्या दुकानात रोज सभा भरायची. दोन्हीकडचे लोक हुशार, हिशेबाला पक्के, तरी एकाचं दुसऱ्याला पटेना. हिशेब येणाऱ्या माणसांत तरी एकमत व्हायला नको का?
– व्यापारी, नवी पेठ

(बाहेरगावच्या वाचकांसाठी : सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेच्या आड येते की नाही, यावर शहरात बरीच वर्षं दोन तट होते. जून २०२३ मध्ये ती पाडली.)

मालक, चिमणी बरोबर की विमान, यात आम्ही पडत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका मलमात आहे. डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या १,१११ लोकांना एक तक्ता दाखवला. त्वचेवरच्या पुरळाचं मलम : लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलम चांगलं की वाईट? घाईत २२३ हा मोठा आकडा डोळ्यांत भरतो आणि माणूस ‘चांगलं’ म्हणतो. भागाकार केला की कळतं : लावलेल्यांत शंभरात ७५ बरे, न लावलेल्यांत शंभरात ८४. म्हणजे मलम न लावलेलंच बरं. हिशेब येणाऱ्यांनी अर्थातच हे जास्त वेळा ओळखलं.

मग तेच आकडे, फक्त मलमाच्या जागी बंदुका बाळगण्यावर बंदी आणि पुरळाच्या जागी गुन्हे. आता गणित तेच, पण विषय पक्षाचा. उत्तर आपल्या बाजूला सोयीचं असेल तर लोक पटकन बरोबर आले, गैरसोयीचं असेल तर चुकले. आणि दोन बाजूंमधली ही दरी हिशेब चांगला येणाऱ्यांत जास्त रुंद निघाली! पहिला ढोबळ आकडा सोयीचा असला की ते तिथेच थांबत, गैरसोयीचा असला की कंबर कसून भागाकार करत. हुशारी वकिलासारखी वापरली गेली, पंचासारखी नाही.

दुकानात पुन्हा अशी सभा भरली तर एक करून बघा. आकडे काढायच्या आधी दोन्हीकडच्यांनी कागदावर एक ओळ लिहायची : ‘कोणता आकडा निघाला तर मी माझं म्हणणं ढिलं करीन.’ आकडा नंतर काढायचा. आधी आकडा आला की ही ओळ कुणीच प्रामाणिकपणे लिहीत नाही. आणि ‘कुठलाच आकडा नाही’ असं कुणी लिहिलं, तर त्याच्याशी आकड्यांवर वाद घालण्यात दुपार घालवू नका. त्याची काळजी दुसरीच काहीतरी आहे : जमीन, ऊस, नोकरी, पोराचं पुण्याला जाणं. ती विचारा.

प्रश्न : मुलगी म्हणते, ‘आई, तू एकाच बाजूचं ऐकतेस.’ म्हणून महिनाभर दुसऱ्या बाजूची चॅनेलं पाहिली. मन मोकळं होण्याऐवजी तिडीक वाढली. मीच हेकट आहे का?
– विजापूर रोड

नाही हो ताई. ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पैसे देऊन महिनाभर विरुद्ध बाजूचे ट्वीट वाचायला लावले. त्यातले अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे लोक स्वतःच्या बाजूला आणखी सरकले. तुमच्यासारखंच. ओरडणारं चॅनेल समोरच्या बाजूतलं सगळ्यांत चिडकं माणूस निवडून दाखवतं. आपल्या बाजूचंही तेच करतं, फक्त ते आपल्याला गोड लागतं.

चॅनेल बंद करा, वाचा. वाचताना आवाज चढत नाही, आणि थांबता येतं. आठवड्याला एक लेख पुरे, पण त्या बाजूच्या शहाण्या माणसाचा. कोण शहाणं हे त्या बाजूच्या ओळखीच्या माणसालाच विचारा. त्या निमित्ताने त्याच्याशी दहा मिनिटं बोलणं होईल, आणि ते लेखापेक्षा जास्त कामाचं आहे. ब्रूकमन आणि कल्ला यांनी २०१६ मध्ये दाखवलं की मायामीत दारोदार जाऊन केलेल्या सुमारे दहा मिनिटांच्या बोलण्याने तृतीयपंथी लोकांबद्दलचा आकस कमी झाला, आणि तीन महिन्यांनीही तो परिणाम टिकून होता. (अशाच दारोदारच्या बोलण्याने समलिंगी विवाहाबद्दलची मतं बदलतात, असं सांगणारा आधीचा एक गाजलेला अभ्यास बनावट निघाला होता. तो उघडकीस आणणाऱ्यांत हेच दोघं होते. मग त्यांनी खरा प्रयोग केला.) तिथे कुणी भाषण देत नव्हतं. ‘तुम्हाला कधी कुणी वेगळं म्हणून वागवलंय का?’ असं विचारायचे आणि ऐकायचे.

सुरुवात जमत नसेल तर दोघांचं सारखं असलेलं काहीतरी शोधा. अमेरिकेत स्वातंत्र्यदिनाच्या आसपास विरोधी पक्षाबद्दलची अढी थोडी सैल होते, असं मॅथ्यू लेवेंडस्की यांना आढळलं. आपल्याला लांब जायला नको. १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन यांचा चौक रोजच्या वाटेवर आहे. मात्र ‘आणि तुमचे लोक मात्र…’ असं पुढे जोडलंत, की सगळं फुकट.

प्रश्न : वाचून, ऐकून माझं एका मुद्द्यावरचं मत खरंच बदललं. मित्र म्हणतात, ‘पलटी मारली.’ लाज वाटते. काय सांगू?
– सात रस्ता

काय बदललं आणि काय नाही, दोन्ही सांगा, याच क्रमाने : ‘टोलबद्दलचं माझं म्हणणं बदललं, या माहितीमुळे. बाकी मी होतो तिथेच आहे.’ लांबलचक खुलासा देऊ नका, तो अपराध्याचा वाटतो. जुन्या मताला शिव्या घालू नका, मित्र अजून तिथेच आहेत आणि त्या शिव्या त्यांना लागतात. एखादा नंतर एकटा गाठून विचारेलच, ‘कुठली माहिती बे?’ तेव्हा लिंक पाठवू नका, चहाला बसा.